घरातून धंदा, ठाणे-नवी मुंबई: नियम नक्की कुठे आडवे येतात?

डबे, शिवण, केक, हिशेबाचं ऑफिस, जे काही घरातून चालतं त्याबद्दल जाणकारांनी लिहा. आपबीती नको. मर्यादा किती, अर्ज कुठे, घोडं कुठे अडतं, एवढंच.

शिवण, घणसोली
शॉप ॲक्टच्या (दुकाने-आस्थापना कायदा) आधी यूडीसीपीआर, म्हणजे राज्याचे एकत्रित विकास नियंत्रण नियम बघा, डिसेंबर 2020 पासून लागू आहेत. रहिवासी झोनमध्ये शिवण, भरतकाम असे घरगुती उद्योग चालतात, पण काम घरच्याच माणसांनी करायचं आणि मोटर लावली तर एकूण भार 1 एचपी, म्हणजे 0.75 किलोवॉटपर्यंत. घरगुती मशीनची मोटर शंभरेक वॉटची, त्यामुळे चार मशिनीही बसतात. क्लच मोटरची जुकी (कारखान्यातलं शिवणयंत्र) मात्र साधारण 400 वॉटची. दोन मांडल्या की 800, गेली मर्यादा. काज-बटणाला पगारी बाई ठेवली तर पहिलीच अट मोडते.

वीज, कळवा
खरा फटका मीटरवर बसतो. घराच्या एका भागात धंदा असेल तरी घरगुती दर मिळतो, पण महिन्याला 300 युनिट आणि आदल्या आर्थिक वर्षात 3,600 युनिट, दोन्हीच्या आत राहिलात तर. केकवाल्यांनी हिशेब करावा: 2 किलोवॉटचा ओव्हन रोज चार तास पूर्ण भाराने म्हणजे 8 युनिट, पंचवीस दिवसांचे 200. उरलेल्या शंभरात फ्रिज, पंखे, गिझर. मे महिन्यात एसी लावला की संपलं.
मर्यादेबाहेर जाऊन घरगुती दरानेच बिल भरत राहिलात आणि तपासणी झाली, तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते. वापर कधीपासून हे ठरवता आलं नाही तर मागचे 12 महिने धरतात. त्यापेक्षा व्यापारी मीटर वेगळा घेतलेला स्वस्त. (कळवा-मुंब्रा-शीळला बिल टोरंट या खासगी कंपनीचं, दर महावितरणचेच.)

डबे-फराळ, नौपाडा
मोटरचाच नियम धरला तर 750 वॉटचा मिक्सर म्हणजे अख्खा 1 एचपी! मिक्सर मोजायला कोणी येत नाही, पण मसाला कांडपाचं मशीन फ्लॅटमध्ये बसवाल तर खालचे शेजारीच तक्रार करतील.
14.2 किलोचा घरगुती सिलिंडर धंद्याला चालत नाही, 19 किलोचा घ्यावा लागतो. एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरण) नोंदणी त्यांच्या फॉस्कॉस या साइटवर. पत्ता वीजबिलावर आहे तसाच टाका, विंग आणि फ्लॅट नंबरसकट. पाकिटावर 14 अंकी नंबर, घटक, निव्वळ वजन, तारीख आणि चौकटीतला हिरवा ठिपका हवा.

हिशेब-कर, नेरूळ
शॉप ॲक्टची पावती म्हणजे जागेला परवानगी नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं करा. 2017 च्या कायद्यात छोट्या आस्थापनांना नोंदणी नाही, नुसती ऑनलाइन सूचना द्यायची. उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, पैसे मागणारी साइट सरकारी नाही. पीटीईसी, म्हणजे धंदा करणाऱ्याचा स्वतःचा व्यवसाय कर, वर्षाला 2,500 रुपये, 30 जूनपर्यंत.
जीएसटीची मर्यादा सेवेला 20 लाख, फक्त माल विकणाऱ्याला 40 लाख. पण 40 लाख राज्यातल्या राज्यात. लोणचं नाशिकला पाठवा, हरकत नाही. बेळगावला पाठवलंत तर पहिल्या बरणीपासून नोंदणी लागते. फ्लॅट नवऱ्याच्या नावावर असेल तर जीएसटीच्या अर्जाला वीजबिलासोबत त्यांचं संमतीपत्र जोडा, अर्ज इथेच परत येतात.

प्रश्न, कोपरखैरणे
काका, पार्लर यात बसतं का?

हिशेब-कर, नेरूळ
ताई, मदतीला पगारी मुलगी असेल तर घरगुती उद्योगात नाही बसत. सिडकोचा भूखंड असेल तर लीजडीडमधलं (भाडेपट्ट्याचा करार) वापराचं कलम वाचा, मग सोसायटीशी बोला. आणि दारावर पाटी लावणार असाल तर मराठीत, देवनागरीत, आणि ती अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नकोत.