लोणारच्या दैत्यसुदन मंदिराच्या भिंती फोटोत कलंडतात

प्रश्न: भाऊ, मोबाइलनं फोटो काढला की भिंती वर निमुळत्या होतात, अन् दगडावरचं कोरीव काम सपाट दिसते. काय करू?

उत्तर १: मोबाइल वर वाकवला की उभ्या रेषा जवळ येणारच. ग्रिड (स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेषा) लावा, मोबाइल ताठ उभा धरा, मागं सरकून २एक्स झूमवर काढा. खालची जास्तीची जमीन मंग कापा.

उत्तर २: कोरीव कामाले तिरपं ऊन पायजे, भरदुपारी जाऊच नका. फ्रेमभर काळा दगड असला की कॅमेरा फोटो उगाच उजळ करतो, एक्सपोजर (फोटोचा उजेड) -०.७ ठेवा. फ्रेममधी आभाळ जास्त आलं तर उलट, दगड काळाठिक्कर! तेव्हा दगडावर बोट दाबून एक्सपोजर लॉक करा.

उत्तर ३: आतल्या अंधारात मोबाइल ट्रायपॉडवर लावा, प्रो मोडमधी आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) १००, अन् २ सेकंदांचा टायमर. ट्रायपॉडची परवानगी आधी विचारा.