रॉय कीन सायपानहून परत गेला, ते चूकच होतं

कट्टेकर

रॉय कीनची एखादी जुनी क्लिप फिरायला लागली की खाली दोन वाक्यं हमखास येतात. एक, "असा कप्तान होणे नाही." दोन, "त्याचा राग काढून टाकला तर कीन उरतच नाही." पहिलं मान्य. दुसरं साफ नामंजूर, म्हणून हा धागा.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. आयर्लंडमधल्या कॉर्कचा हा फुटबॉलपटू पोरगा १९९३ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून मँचेस्टर युनायटेडमध्ये आला, साडेसदतीस लाख पौंडांना. ब्रिटनमधला तेव्हाचा विक्रम. १९९७ पासून कप्तान. २००२ च्या विश्वचषकाआधी आयर्लंडचा संघ प्रशांत महासागरातल्या सायपान बेटावर सरावाला उतरला. मैदान दगडासारखं टणक, सरावाचं सामान वेळेवर पोचलेलं नाही. कीनने 'आयरिश टाइम्स'ला मुलाखत देऊन सगळं चव्हाट्यावर आणलं. प्रशिक्षक मिक मॅकार्थीने अख्ख्या संघासमोर जाब विचारला. कीनने त्याला शिव्यांची लाखोली वाहिली आणि विश्वचषकाचा एकही सामना न खेळता घरची वाट धरली.

आता तीन वर्षं मागे जा. २१ एप्रिल १९९९, तूरिन, युव्हेंटसविरुद्ध चॅम्पियन्स लीगचा उपांत्य सामना. अकरा मिनिटांत इन्झागीचे दोन गोल, युनायटेड गाळात. बेकहॅमच्या कॉर्नरवर कीनने हेडर मारून एक फेडला. थोड्या वेळाने ब्लोमक्विस्टचा पास आखूड पडला, तो सावरायला गेलेल्या कीनने झिदानला पाडलं. पिवळं कार्ड. साठलेल्या कार्डांमुळे बंदी, म्हणजे संघ अंतिम फेरीत गेला तरी हा बाहेर, हे त्याला तिथल्या तिथे कळलं होतं. रेफ्रीच्या अंगावर गेला नाही, कुणाला आडवा केला नाही, उरलेला तासभर जे खेळला ते आजही बघून घ्या. ३-२ जिंकले.

म्हणजे राग आवरता येत होता. ज्या दिवशी आवरला त्या दिवशीच हा माणूस सगळ्यात मोठा दिसला. मग सायपानमध्ये काय झालं? मनात आलं नाही, इतकंच.

रांगडा_कोल्हापुरी

बसल्या जागी निवाडा सोपा असतो राव. कीनने मागितलं काय होतं? बरं मैदान, वेळेवर चेंडू, नीट तयारी. नंतर आयरिश संघटनेनेच बाहेरच्या लोकांकडून चौकशी करवली, तो जेनेसिस अहवाल. त्यात नियोजनाची लक्तरं निघाली, सरचिटणीस ब्रेंडन मेंटन पायउतार झाले. पात्रता फेरीत हॉलंडला डब्लिनमध्ये १-० हरवलं तेव्हा पहिल्याच मिनिटाला त्यांच्या ओव्हरमार्सला कीनने जो हिसका दाखवला, त्यानंतर डच मंडळी सरळ झाली. तो दणका चालतो, टाळ्या मिळतात. तोच माणूस संघटनेला दणका देतो तेव्हा मात्र "आततायी"!

आमच्याकडे शाहू स्टेडियमवर तालमींचे फुटबॉल सामने बघितलेत का कधी? गोडबोल्या माणसाला तिथे कप्तान करत नाहीत.

कट्टेकर

तक्रार खरी होती हे मी कुठे नाकारलं? संघटना गलथान होती, शंभर टक्के. पण त्याची शिक्षा झाली कुणाला? फिफाची मुदत उलटून गेल्यामुळे बदली खेळाडूही घेता आला नाही. आयर्लंड बावीस जणांनिशी खेळलं. तरी कॅमेरूनशी बरोबरी, जर्मनीशी रॉबी कीनच्या शेवटच्या क्षणीच्या गोलने बरोबरी, सौदीला ३-०. मग स्पेन. जादा वेळेत स्पेनचा एक जण जखमी, त्यांच्याकडे बदली शिल्लक नाही, म्हणजे समोर दहाच खेळाडू. तो अर्धा तास मधल्या फळीत रॉय कीन असता तर? पेनल्टीपर्यंत आणि तिथल्या हारेपर्यंत गोष्ट गेली असती असं वाटतं तुम्हाला?

मिडफिल्डची_मावशी

तुम्ही दोघं मैदान आणि चेंडूंवरच अडकलात. भडका त्यावरून उडालाच नाही. मुलाखतीवरून कडाक्याचं वाजलं हे खरं, पण मॅकार्थीने त्या बैठकीत इराणचा विषय काढला. विश्वचषकात शिरण्यासाठीच्या निर्णायक लढतीचा (प्ले-ऑफ) घरचा सामना कीन खेळला, तेहरानला गेला नाही. कारण गुडघा. मॅकार्थीने सुचवलं की दुखापतीचा बहाणा होता. तिथे ठिणगी पडली.

आता १९९७ आठवा. लीड्सच्या मैदानावर त्यांच्या आल्फ-इंगे हालांडला तंगडी घालायला गेला आणि स्वतःच्याच गुडघ्याचा लिगामेंट तुटला. हालांड वर उभा राहून ओरडत होता, ऊठ, सोंग करू नकोस. तो मोसम संपला, लीग आर्सेनलने नेली. २००१ च्या युनायटेड-सिटी डर्बीत, तोवर सिटीत गेलेल्या त्याच हालांडच्या गुडघ्यावर कीनचा बूट. दोन्ही वेळा आरोप एकच: सोंग. या माणसाला नालायक म्हणा, उर्मट म्हणा, चालेल. कामचुकार म्हटलेलं चालत नाही. मॅकार्थीला वर्षानुवर्षं हा खेळाडू माहीत होता. सगळ्यांसमोर नेमकी तीच जखम खरवडायची, याला व्यवस्थापन म्हणतात?

ऑफसाइड_आप्पा

वा. म्हणजे हालांडची कारकीर्द संपवली त्यालाही "जखम" हेच उत्तर?

मिडफिल्डची_मावशी

आप्पा, कारकीर्द त्या लाथेने संपली नाही. लाथ उजव्या पायाला बसली, त्याला सोडवलं नाही ते डाव्या गुडघ्याने, आणि तो आधीपासून कुरकुरत होता. त्या दिवशी त्याने पूर्ण सामना खेळला. मात्र लाथ मुद्दाम होती, आणि कीनने आत्मचरित्रात ते स्वतःच लिहून ठेवलं. त्यावर पाच सामन्यांची बंदी आणि दीड लाख पौंड दंड झाला, तो योग्यच. चार वर्षं डूख धरणं हे कुठल्याच हिशेबात बसत नाही. मी कारण सांगतेय, वकीलपत्र घेतलेलं नाही.

रांगडा_कोल्हापुरी

मावशींचा इराणचा मुद्दा जबरी. कट्टेकर, तूरिनमध्ये त्याला कुणी कामचुकार म्हटलं नव्हतं. म्हणून आवरला राग.

कट्टेकर

मुद्दा चांगला आहे, पण अर्धाच पुरतो. २००५ घ्या. मिडल्सब्रोकडून ४-१ मार खाल्ल्यावर क्लबच्याच वाहिनीसाठी बोलताना त्याने सहकाऱ्यांना इतकं धुतलं की ती मुलाखत दाखवलीच नाही. नोव्हेंबरमध्ये युनायटेडबरोबरचा साडेबारा वर्षांचा संसार मोडला. तिथे त्याला सोंगाड्या कोण म्हणालं होतं? युनायटेडचा प्रशिक्षक फर्ग्युसन? बोलणारा हाच, चिडणाराही हाच.

आणि मॅकार्थीने नोव्हेंबर २००२ मध्ये पद सोडलं, ब्रायन कर आला, २००४ मध्ये हा परत आयर्लंडकडून खेळायला हजर. संघटना तीच, देश तोच. म्हणजे मैदानं, चेंडू, नियोजन हे सगळं तोंडी लावायला होतं. भांडण एका माणसाशी होतं आणि त्यापायी एक विश्वचषक गेला.

मिडफिल्डची_मावशी

परत आला तेव्हा कप्तानपद केनी कनिंगहॅमकडे होतं. कीन साधा खेळाडू म्हणून खेळला, चकार शब्द न काढता. ते तुमच्या हिशेबात कुठे धरायचं, सांगा.