पारध्यांना आधी उचलायचं आणि पुरावा नंतर शोधायचा, हे कुठल्या कायद्यात बसतं?

रानवाट:
आमच्या शिवारातली मोटर चोरीला गेली, दुसऱ्या दिवशी पोलीस सरळ पालावर गेले आणि दोन पोरं उचलली. त्यातला एक त्या रात्री आमच्याच मळ्यात पिकाला पाणी द्यायला दारं धरत होता, मी स्वतः सोबत होतो. ठाण्यात सांगायला गेलो तर म्हणे तुम्हाला ही जात माहीत नाही. दोन दिवसांनी सोडलं, कागद ना काही. गुन्हेगार जमातीचा कायदा कधीच गेला ना? मग पुढच्या वेळी मी काय करू?

सोलापूरची लेक:
दादा, १८७१ पासूनचा तो कायदा देशभरात १९५२ ला रद्द झाला, ३१ ऑगस्टला आम्ही, त्या कायद्यातून सुटलेले विमुक्त, विमुक्त दिन पाळतो तो त्याचाच. माझे आजोबा इथल्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे या जमातींना डांबून ठेवायच्या वसाहतीत, तारेच्या आत जन्मले, जन्मल्यापासून गुन्हेगार. मग १९५९ ला मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, त्यात जात लिहिलेली नाही पण ठाण्यातली नजर तीच राहिली.

मधुकर_७१:
अहो पण चोऱ्या होतात तर पोलिसांनी चौकशी करायचीच नाही का

कोर्टकचेरी:
काका, चौकशी करा ना, पण माणसाची करा, जातीची नको. नाशिकजवळच्या २००३ च्या दरोडा आणि खुनाच्या केसमध्ये भटक्या जमातीतले सहा जण धरले, २००९ ला सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली, आणि २०१९ ला त्याच कोर्टानं सगळ्यांना निर्दोष सोडलं. प्रत्यक्ष बघणाऱ्या बाईंनी पोलिसांकडच्या फोटोंतून आधी वेगळेच चौघे ओळखले होते, त्यांचा तपासच झाला नाही. भरपाई प्रत्येकी ५ लाख. सोळा वर्षांचे ५ लाख!

रानवाट, २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलंच पाहिजे, दोन दिवस नुसतं बसवून ठेवणं बेकायदा. पुढच्या वेळी तोंडी सांगू नका, तो कुठे होता ते लेखी द्या आणि पोच घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. सुप्रीम कोर्टाच्या ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालाची प्रत जवळ ठेवा, तुरुंगाच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढा असं त्यात आहेच, पण विमुक्तांना मनमानी अटक करू नका हेही पोलिसांना बजावलंय.

रानवाट:
प्रिंट काढतो. त्याची आई सकाळी येऊन विचारत होती, परत नेलं तर फोन कुणाला करू. माझा नंबर तिला कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलाय.