कर्टिसच्या छायाचित्रातून पुसलेले घड्याळ

प्रश्न:
एडवर्ड कर्टिस या सिएटलच्या छायाचित्रकाराने उत्तर अमेरिकेतील ऐंशीहून अधिक आदिवासी जमातींची नोंद करणारे वीस खंड १९०७ ते १९३० या काळात प्रसिद्ध केले. त्यांतील १९१० च्या सुमाराच्या एका चित्रात पीगन जमातीचे पिता-पुत्र तंबूत बसलेले आहेत. मूळ निगेटिव्हमध्ये दोघांच्या मधोमध एक घड्याळ दिसते. छापील चित्रात मात्र ते पुसून टाकलेले आहे. अशा चित्राला दस्तऐवज म्हणावे काय?

उत्तर १:
आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंतही निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे वण घालवत असत, परंतु ती गिऱ्हाइकाची हौस होती. येथे घड्याळ कर्टिसला खुपले, कारण ही माणसे नामशेष होत आहेत हे त्याने आधीच धरून ठेवले होते. त्याची घाई समजण्यासारखी आहे, कारण १९०० च्या जनगणनेत अमेरिकेतील आदिवासींची संख्या जेमतेम २ लाख ३७ हजार भरली होती. तरीही घड्याळ वापरणारा पीगन हा कमी पीगन ठरत नाही.

उत्तर २:
मला याहून मोठी उणीव वेगळीच दिसते. ज्या सूर्यनृत्यासारख्या विधींवर सरकारने १८८३ च्या नियमांनी बंदी घातली होती, ते विधी या खंडांत भारदस्तपणे दिसतात, पण बंदी घालणारे सरकारी अधिकारी चौकटीत जवळजवळ कोठेच नाहीत. १९०६ मध्ये बँकमालक जे. पी. मॉर्गन यांनी ७५ हजार डॉलर देऊ केले आणि खंड श्रीमंत वर्गणीदारांसाठी निघाले, हेही विसरू नये.

उत्तर ३:
दोन्ही आक्षेप मान्य करूनही व्यक्तिचित्रे मी वेगळी काढीन. सिएटलच्या किनाऱ्यावर शिंपले वेचणारी वृद्ध किकिसोब्लू, म्हणजे तेथील सरदार सिएटल यांची कन्या, हिला त्याने दर चित्रामागे एक डॉलर दिला. डोक्यावरचा रुमाल, काठी आणि सुरकुत्यांचे जाळे यांपलीकडे त्या चित्रात फारसे काही नाही, आणि त्याची गरजही भासत नाही. शिवाय मेणाच्या नळकांड्यांवर त्याने या जमातींच्या भाषा आणि गाणी ध्वनिमुद्रित केली. त्या जमातींच्या वंशजांना ती आज उपयोगी पडतात.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. आमच्या छायाचित्र मंडळाच्या प्रदर्शनात दोन्ही प्रती शेजारी-शेजारी लावण्याचे ठरवले आहे, आणि घड्याळाची प्रत डावीकडे, म्हणजे आधी पाहिली जाईल अशी.