तुरुंगातून सुटलेल्याला कामावर घेताना पोलिसांचा दाखला मागावा का? (सांगली-मिरज-कुपवाड)

कृष्णाकाठ (धागाकर्ता)
कुपवाड एमआयडीसीत साध्या हेल्परलाही चारित्र्य प्रमाणपत्र मागतात. लोडिंग, पॅकिंग, फाउंड्रीतलं फेटलिंग (ओतीव भागांच्या कडा घासून साफ करणं) या कामांना ते मागूच नये, असं माझं ठाम मत आहे. कोर्टाने दिलेली शिक्षा भोगून झाली, मग गेटवर दुसरी कशाला? आपल्याच जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाने १९३९ साली बिनभिंतीची वसाहत वसवली. तिथे कैदी बायकापोरांसह राहतात, शेती करतात. तिथे भरवसा चालतो, मग कुपवाडला का नाही?

शॉपफ्लोअर_कुपवाड
स्वतंत्रपूरला कुणालाही पाठवत नाहीत. बरीच शिक्षा भोगलेले, वर्तन पारखलेले लोकच तिथे जातात. कालच जामिनावर सुटलेल्याला तोच न्याय कसा लावणार?
दाखला मागावाच, पण त्यावरचं कलम वाचावं. खरी चूक इथेच होते. "गुन्हा आहे" एवढं दिसलं की एचआर फाइल बाजूला ठेवतो. मारामारीच्या केसमधला माणूस मोल्डिंगला चालतो. अपहाराच्या केसमधल्याच्या हाती स्टोअरची किल्ली नको, पण मशीनवर तो चालेल. आणि काहीच न विचारता घेतलंत, तर तांब्याची भंगार वायर गायब झाल्यावर पहिलं बोट त्याच्याकडेच जाणार. तेव्हा त्याची बाजू घ्यायला मालकाकडे काय असेल?

कोर्टआवार
भाऊ, कलम वाचा म्हणता, पण दाखल्यावर निर्दोष सुटलेल्या केसचीही नोंद येऊ शकते. निकाल लागला तरी पोलिसांच्या नोंदीत कधीकधी "प्रलंबित" तसंच राहतं. म्हणून निकालाची नक्कल आधी काढावी आणि दाखल्याच्या अर्जालाच जोडावी. परिविक्षेवर (प्रोबेशनवर, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर) सोडलेला असेल, तर १९५८ च्या परिविक्षा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता त्याला लागत नाही. निकालातला तो परिच्छेद खुणेने दाखवावा, कारण एचआर सगळं वाचत बसत नाही.
पण माझ्या मते नोकरी दाखल्याच्या आधीच हुकते. आत असताना सिम बंद पडतं, नंबर दुसऱ्याला जातो. आधारचा ओटीपी त्या परक्या माणसाला. ओटीपी नाही तर पीएफचा यूएएन (कायमचा खातेक्रमांक) अडतो, आणि ठेकेदार म्हणतो, "पुढच्या महिन्यात ये." दोन वर्षं व्यवहार नसेल तर बँकेचं खातंही निष्क्रिय, मग पगार कुठे टाकणार? सुटल्यावर पहिलं काम म्हणजे नवं सिम घेऊन आधार केंद्रावर अंगठा देणं, मग बँकेत केवायसी. याच क्रमाने, उलट केलं तर दोन हेलपाटे.
जामिनावरचा असेल तर आणखी एक गाठ. "दर सोमवारी १० ते १२ पोलीस ठाण्यात हजेरी" अशी अट असते आणि पहिल्या पाळीतला माणूस महिन्यात चार खाडे पाडतो. जामीन देणाऱ्या कोर्टातच अर्ज करून हजेरी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मागता येते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं.

तासगाव_बाग
मला हा कारखान्याचा हट्टच पटत नाही. द्राक्षाच्या टोळीत दाखला कुणी विचारत नाही. एप्रिलात खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, त्यानंतर विरळणी, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं). हात बसला की रोजगार तुटत नाही. फक्त छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावतात, त्या कामावर दारू पिणारा नको. त्या पेस्टमधलं हायड्रोजन सायनामाइड हाताळण्याआधी एक दिवस आणि नंतर आठवडाभर दारू वर्ज्य, नाहीतर तोंड लालबुंद होतं, धाप लागते. हे त्याला पहिल्या दिवशीच सांगा.

कृष्णाकाठ
टोळीत उचल असते, दादा. सुटून आलेल्याच्या डोक्यावर वकिलाचं कर्ज, म्हणून तो मोठी उचल घेतो आणि मग मुकादमाच्या वहीतून हंगामभर नाव निघत नाही. पीएफ नाही, अपघात झाला तर ईएसआय (कामगार विमा) नाही. दाखला विचारत नाहीत, कारण तिथे त्याचं नावच कुठल्या सरकारी नोंदीत लागत नाही.
'कोर्टआवार' यांचा क्रम मान्य. पण लोडिंग-पॅकिंगसारखी कामं दाखल्यातून वगळावीत, यावर मी ठाम आहे.

शॉपफ्लोअर_कुपवाड
वगळू नका, वेळ बदला. आधी तीन महिने ट्रेनी म्हणून दिवसपाळीत घ्या, दाखला त्यानंतर मागा. तोवर सुपरवायझरने माणूस पाहिलेला असतो, कागद नंतर येतो. मात्र त्याची केस फक्त मालक आणि एचआरलाच माहीत असावी. कँटीनमध्ये फुटली की तो आठवड्यात काम सोडतो.