करकोचे, कुरजां, सारस: तुम्ही कुठे पाहिलेत?

गेल्या जानेवारीत राजस्थानातल्या फलोदीजवळच्या खीचनला गेले होते. पहाटे गच्चीवर कुडकुडत बसलो. आधी नुसता आवाज, कुर्र कुर्र. मग रांगाच रांगा आल्या आणि कुंपणाच्या चुग्गाघरात, म्हणजे पाखरांना दाणे टाकायच्या आवारात उतरल्या. हजारोंनी! गळ्यापासून छातीवर लोंबणारी काळी पिसं, डोळ्यामागे पांढरा झुपका. तिथे म्हणतात कुरजां, आपला कांड्या करकोचा. रतनलाल मालू कबुतरांना दाणे घालायचे, त्यात हे पाहुणे येऊन बसले. ही १९७०च्या दशकातली गोष्ट. आमच्याकडे मात्र लांब पायांचं जे दिसेल तो बगळा! (उडताना मान दुमडली तर बगळा, सरळ ताणली तर हे. अर्थात मान बलाकही, म्हणजे स्टॉर्कही ताणतात, म्हणजे घोळ आहेच.) तुमचे अनुभव लिहा.

गोंदियाहून: आमचे सारस कुठेच जात नाहीत, बारा महिने इथलेच. मामाच्या बांधीत ऐन धानात घरटं होतं, दोन अंडी. मामाने निंदणाऱ्या बायांना त्या कोपऱ्यात फिरकू दिलं नाही. जोडी ओरडते तेव्हा नराची एक हाक, मादीच्या दोन. अर्ध्या गावाला ऐकू जाते.

नेपाळ ट्रेकवरून: ऑक्टोबर, काली गंडकीचं खोरं, एका बाजूला धवलगिरी. दक्षिणेकडे निघालेले करकोचे पंख न हलवता गोल गोल फिरत वर चढत होते. गाइड म्हणाला, सकाळीच बघून घ्या. दहा-अकरानंतर खोऱ्यात दक्षिणेकडून वारा सुटतो, तो यांच्या तोंडावरच. वर सोनेरी गरुड टपलेले असतात. एक थवा तासभर चढला, मग परत खाली आला. दुसऱ्या दिवशी काय झालं कळलं नाही, आम्ही पुढे निघालो.

पैठणकडून: कौतुक वाचून बरं वाटलं! हे करकोचे रात्री नाथसागराच्या उथळ पाण्यात उभे, सकाळी आमच्या हरभऱ्यात. वडील पत्र्याचा डबा बडवायचे. सगळे उडाले की मान वर करून बघतही बसायचे.

पुण्याहून: नव्वदच्या दशकात भरतपूरला सायबेरियन क्रौंच, म्हणजे पांढरे करकोचे पाहिले. २००२ नंतर तिथे आलेच नाहीत. फोटोत दोन पांढरे ठिपके आहेत. मुलगी म्हणते, बाबा, हे बगळेच. लाल चेहरा दाखवायला मोठं करतो, पण रोलचा फोटो, नुसते दाणे दिसतात.