'वॉकिंग डेड' १×२ : घाण फासायची युक्ती मध्येच का फसते? (स्पॉयलर)

प्रश्न: 'वॉकिंग डेड' या झॉम्बी मालिकेच्या पहिल्या सीझनचा दुसरा भाग, 'गट्स' (२०१०), पुन्हा पाहिला. रिक आणि ग्लेन प्रेताची आतडी अंगावर घेऊन अटलांटाच्या गर्दीतून आरामात चाललेत, मग वॉकर (माणसं खाणारी चालती प्रेतं) अचानक का चवताळतात? पटकथेची सोय वाटते.

घुबड: सोय कसली! मध्येच पाऊस कोसळतो ना. सगळे ज्या दुकानात अडकलेत, तिथेच ठरलंय की वॉकर माणूस ओळखतात ते वासावरून. म्हणून हातमोजे, लांब कोट, कुऱ्हाडीने एक प्रेत फोडायचं आणि लगदा कोटावर चोपडायचा. पण हे सगळं वरवरचं. सर आली की ओघळून गेलं, आत जिवंत माणसाचा वास तसाच. त्यात पळायला लागले, म्हणजे उरलंसुरलं सोंगही गेलं.

शेवटचा_डबा: बरोबर. मात्र सुटका वासाने नाही, आवाजाने होते. लाल डॉज चॅलेंजरचा अलार्म ठणाणा वाजवत ग्लेन झुंड लांब खेचतो, तेवढ्यात रिक ट्रक दुकानाच्या मागच्या शटरला लावतो. वेळेचं गणित चुकलं असतं तर आतले सगळे गेले असते. छतावर बेड्यांत अडकलेला त्यांच्यातलाच मर्ल तेवढा राहतोच. बेड्यांची किल्ली पाइपात पडते.

घुबड: सहाव्या सीझनमध्ये तीच युक्ती, चादरींना भोकं पाडून त्या अंगावर घेऊन. तिथे पाऊस नाही, वासही टिकतो. पण सॅम हा लहान मुलगा घाबरून जागीच थिजतो आणि रडू लागतो. लेप कितीही जाड असो, तोंड बंद ठेवता आलं पाहिजे.

प्रश्नकर्ता: पटलं. पावसाकडे लक्षच नव्हतं माझं.